आईच्या नावाची पट्टी

बेंबीत कापसाचा बोळा कसा जमतो, हे मला आजवर कुणी नीट सांगू शकलेलं नाही. रोज आंघोळ करतो, कपडे धुतलेले असतात, तरी एक दिवस बोट घातलं की आहेच आपला निळसर बोळा! किस्से अगदी तसेच जमतात. आपण काही करत नाही, ते येऊन बसलेले असतात. मी चौदा वर्षं लोकांच्या बेंब्या बघतेय, त्यामुळे माझ्याकडे दोन्हींचा भरपूर अनुभव आहे.

हसू नका हो, खरंच हेच काम आहे माझं! ठाण्याला नौपाड्यात स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर आमच्या मॅडमचं क्लिनिक आहे. मॅडम ॲक्युपंक्चरवाल्या. तीन वर्षं चीनमध्ये राहून एका म्हाताऱ्या बाईंच्या हाताखाली शिकून आलेल्या. तिथे एक जुना उपचार आहे. झाडपाल्याच्या औषधांची पूड करायची, आल्याच्या रसात नाहीतर मधात कालवायची, कोमट करून बेंबीत भरायची आणि वरून चिकटपट्टी लावायची. आठ तास ठेवायची. झालं! सुंठ, दालचिनी, लवंग ही त्यातली आपली ओळखीची मंडळी. बाकीची चिनी पाकिटं. त्यांची नावं माझ्या तोंडात बसत नाहीत म्हणून मी त्यांना सरळ नंबर दिलेत. पूड कालवणारी मी, अलका. अपॉइंटमेंट देणारी मीच, आणि पेशंटला ओरडणारीही मीच.

मॅडम सांगतात, सुया टोचायच्या जागा अंगावर शेकडो आहेत, पण बेंबीत सुई कधीच घालायची नाही. चिनी लोक त्या जागेला 'शनच्युए' म्हणतात, म्हणजे प्राणाचा दरवाजा. "दरवाजा फोडायचा नसतो अलका, वाजवायचा असतो," असं त्या पहिल्या दिवशी म्हणालेल्या, तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आलेला. आणि लेप लावण्याआधी प्रत्येक पेशंटला त्या स्वतःच सांगून टाकतात, "ही जादू नाही. पोट जरा शांत होतं, झोप बरी लागते. कुणाकुणाला काहीच होत नाही." स्वतःच्या औषधाबद्दल असं बोलणारा डॉक्टर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

*

आमच्याकडे पट्टीवर पेशंटच्या आईचं नाव लिहितात. ही पद्धत चीनमधून आलेली नाही, ती आली दामलेकाकांमुळे.

दामलेकाका मागच्याच गल्लीतले, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले. वय अठ्ठ्याहत्तर, ताठ मान, इस्त्रीचा शर्ट. पोटात गॅस धरायचा. लेप लावून घ्यायचे, नमस्कार करून निघायचे आणि जिना उतरेपर्यंत पट्टी काढून टाकायचे! असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा ती पट्टी मला आमच्याच जिन्याच्या कठड्याला चिकटलेली सापडली. माझं डोकंच फिरलं. अर्धा अर्धा तास आलं किसून मी रस काढते, मस्करी आहे का?

पुढच्या वेळी मी ती पट्टी त्यांच्यासमोर धरली. "काका, हे काय?"

"अहो, चमत्कारिक वाटतं तिथे. त्या जागेला आजवर कुणाचा हात लागलेला नाही."

"आईचा लागला असेल ना?" मॅडम आतून म्हणाल्या.

मग त्या बाहेर आल्या.

"काय नाव आईचं?"

"द्वारका."

मॅडमनी निळं बॉलपेन उचललं, नव्या पट्टीवर 'द्वारका' लिहिलं, लेपावर दाबून बसवली आणि म्हणाल्या, "आता काढून दाखवा!"

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिक उघडायला आले तर काका जिन्यात उभे. पट्टी जागच्या जागी, एक कोपरासुद्धा सुटलेला नाही. बरोबर सून, पार वैतागलेली. "अहो, काल संध्याकाळपासून आंघोळ करायला तयार नाहीत हे!"

"आईच्या नावाला साबण कसा लावायचा, हे हिने मला सांगावं," काका म्हणाले. मग कॉटवर आडवे झाले आणि छताकडे बघत हळूच म्हणाले, "सावकाश काढा हं."

मी त्या दिवशी हसले नाही. आणि तेव्हापासून आमच्या केसपेपरवर पहिला रकाना आईच्या नावाचा. तेच नाव पट्टीवर. इतक्या वर्षांत एकाही पेशंटने ती पट्टी वेळेआधी काढलेली नाही. एकानेही नाही!

*

तेव्हापासून बिननावाची पट्टी आमच्याकडे एकच लागलीये. ती माझी.

गेल्या वर्षी माझं पोट बिघडलेलं, तर मॅडमनी मलाच कॉटवर आडवं केलं. केसपेपर घेतला आणि सवयीने विचारलं, "आईचं नाव?"

मी म्हटलं, "कुठल्या?"

मी सहा दिवसांची असताना आई-बाबांनी मला घरी आणलं. कल्याणच्या एका प्रसूतिगृहातून, रीतसर कागद करून. घरात यात कधी लपवाछपवी नव्हती. शाळेत कुणी चिडवलं तर मी कमरेवर हात ठेवून सांगायचे, "मला निवडून आणलंय! तुमच्या आईबापांना मिळालं ते घ्यावं लागलं!"

मला वाढवणारी माझी आई, कुसुम. जन्म देणारीचं नाव मात्र तिने मला कधी सांगितलं नाही. विसाव्या वर्षी मी विचारलं, तर हातातलं काम ठेवून म्हणाली, "सांगेन. मी जायच्या आधी नक्की सांगेन. आत्ता सांगितलं तर तू तिला शोधायला निघशील, आणि मला त्याची भीती वाटते गं." इतकं सरळ बोलल्यावर मी थांबले.

मग बाबा गेले. आई एक्क्याऐंशीची झाली आणि गेली दोन वर्षं विसरत चाललीये. आधी गॅस बंद करायला विसरली, मग वार, मग शेजारच्या वहिनींचं नाव. आम्ही दोघी डोंबिवलीला राहतो. रोज घरी जाताना माझ्या डोक्यात एकच असतं, ते नाव अजून तिच्यापाशी आहे की तेही गेलं? धीर करून एकदा विचारलंही. ती माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "कोणाचं नाव गं?"

हे सगळं मी कॉटवर पडल्या पडल्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कुसुम लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांबा. बेंबीची गाठ तर दुसरीने मारलीये. एकीचंच लिहिलं तर दुसरीवर अन्याय, आणि दुसरीचं मला माहीत नाही."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. कोरी पट्टी लावली, वरून हात ठेवला आणि म्हणाल्या, "जागा ठेवून देऊ." मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

*

आता जरा हसायचं. घोडबंदर रोडचा अनिकेत! एकतिसाव्या मजल्यावर राहतो, आयटीत आहे, जेवायची वेळ नाही की झोपायची नाही. ॲसिडिटी इतकी की खिशात गोळ्यांची अख्खी स्ट्रिप.

आईचं नाव विचारलं तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मंगल." पट्टी लावली, गेला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला तर दालचिनी-लवंगेच्या वासाने सगळी लिफ्ट हुंगायला लागली. "कोणी बिर्याणी मागवलीये का रे?" हा बिचारा पोट आत घेऊन उभा!

संध्याकाळी घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकला. पाऊण तास गाडी हलेना. पोटावर पट्टी खाजली म्हणून शर्ट वर केला, तर समोर 'मंगल'. आणि याच्या लक्षात आलं की आपण साताऱ्याला आईला फोन करून महिना होऊन गेला. लावला फोन. ट्रॅफिक सुटेपर्यंत बोलत बसला. दुसऱ्या दिवशी परत पट्टी, परत ट्रॅफिक, परत फोन.

दोन आठवड्यांनी क्लिनिकचा फोन वाजला. पलीकडे एक बाई, दबक्या आवाजात. "मी अनिकेतची आई बोलतेय. कसं आहे हो आता त्याचं पोट?"

मी म्हटलं, "खूपच फरक आहे काकू, काळजी करू नका. अजून दोन वेळा येईल, मग बंद."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "नका हो इतक्यात बरं करू. रोज फोन येतोय!"

*

हिराबाई आल्या की आधी त्यांचा आवाज जिना चढतो, मग त्या. कळव्याच्या, खाडीकाठच्या कोळणी. पहाटेपासून मासळीच्या पाटीमागे बसून बसून पोट अवघडलेलं. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी लेप कालवत होते. दारातच थांबल्या आणि नाक वर केलं.

"ही सुंठ कुठशी आणलीस गो बाय?"

"का हो?"

"मेलेली हाय ती! हिच्यात जीव नाय."

मला असा राग आला! मॅडमसमोर, भरल्या क्लिनिकमध्ये! मी म्हटलं, "मावशी, तुमचं मासळीचं नाक आहे, औषधाचं नाही."

पण मॅडम उठून आल्या. गेले पंधरा दिवस त्या म्हणत होत्या की लेपाला पूर्वीसारखी ऊब येत नाहीये. त्यांनी डबा उघडून हुंगला, मग माझ्याकडे बघितलं. आणि मला कबूल करावं लागलं, नेहमीचं दुकान लांब पडतं म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार पूड आणलेली. जुनी असणार. अहो, मॅडमना डबा जवळ घेऊन जे कळलं ते या बाईला दारातून कळलं!

"आमच्यात पोराचा पोट धरला की बेंबीभवती हिंगाचा लेप घालतान," हिराबाई कॉटवर ऐसपैस पसरत म्हणाल्या. "हिंग मेलेला असला तं पोर रातभर रडतंय. मंग नाक शिकतंय."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! चिनी गुरूंच्या नोट्स आहेत ना, त्याच वहीत.

मग विचारलं, "आईचं नाव?"

"आता तुमाला काय सांगू," हिराबाई म्हणाल्या. "माज्या भावाच्या होडीवर लिवलाय ना, ये जा करताना बघा. चंद्राबाय!" आणि पट्टीवर लिहून झाल्यावर मान वर करून बघितलं, समाधानाने डोकं टेकलं. "आता बरा हाय. पान्यात बी तीच धरते, हितं बी तीच."

मी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दुकानातून अख्खी सुंठ आणली आणि स्वतः कुटली. हात भरून आले, पण लेप असा तापला की मॅडम नुसत्या हसल्या.

*

सगळ्यांनाच लेप लागतो असं नाही. एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, भिवंडीकडचे. नाव परांजपे. बेंबीपाशी दुखतंय म्हणाले, आणि कुणाकडून तरी ऐकून एवढ्या लांबून आलो, लेपच हवा म्हणाले. तोंड पांढरंफटक, पण हट्ट दांडगा.

मॅडम लेप लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासतात आणि गरम हात बेंबीवर ठेवून थोडा वेळ थांबतात. डोळे मिटून. त्या वेळी क्लिनिकमध्ये पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. त्या दिवशी त्यांनी हात ठेवला, मग जरा खाली उजवीकडे सरकवला, दाबला, सोडला. परांजपे कळवळले. मॅडमनी एका सेकंदात हात काढला.

"अलका, रिक्षा बोलाव. हे हॉस्पिटलला जातायत."

"अहो, पण लेप..." परांजपे.

"माझा लेप दरवाजा वाजवतो. तुमच्या घरात आग लागलीये. आता बंब बोलवायचा!"

मी स्वतः त्यांना रिक्षात घालून नेलं. अपेंडिक्स! डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फुटलंच असतं. मी परत येऊन मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या. मीही त्या हाताकडेच बघत होते. काय होतं त्यात, देव जाणे!

तीन दिवसांनी त्या हॉस्पिटलच्या सर्जनचा फोन आला. मला वाटलं, आता हे चिनी औषधावरून लेक्चर देणार. आवाज वैतागलेलाच होता.

"तुमच्या त्या पेशंटने माझ्या ड्रेसिंगवर सिस्टरकडून 'अनसूया' लिहून घेतलंय."

"सॉरी सर," मी म्हटलं, "ती आमच्याकडची पद्धत आहे."

"अहो, त्याचं काही नाही. पण आता वॉर्डातले बाकीचे सगळे अडून बसलेत. आमचंही लिहा म्हणतात! सिस्टरचं पेन संपलं!"

*

आमच्याकडे दोन कॉट आहेत, मध्ये पडदा. एका शनिवारी दोन्हीवर पेशंट. दोघं साठीच्या पुढचे, वेगवेगळ्या वेळी नाव नोंदवलेले. मी एकाला दहा मिनिटं आधी आत घेतलं, दुसरा नंतर आला. पडदा ओढलेला, त्यामुळे एकाने दुसऱ्याला पाहिलेलं नाही.

मॅडमनी पहिल्याला विचारलं, "आईचं नाव?"

"इंदिरा."

पडदा ओलांडून दुसऱ्याला विचारलं, "आईचं नाव?"

आधी घसा खाकरल्याचा आवाज आणि मग, "इंदिरा."

पहिल्या कॉटवरचा माणूस ताडकन उठून बसला. लेप बेंबीतून घरंगळून चादरीवर! मी ओरडणार तेवढ्यात त्याचं तोंड बघितलं. सख्खे भाऊ होते. डोंबिवलीला एकाच रस्त्यावर राहतात आणि सहा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. कशावरून ते मी विचारलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही ते नीट आठवत नसावं.

मॅडमनी पहिल्याला परत आडवं केलं, लेप भरला, पट्टी लावली. मग पलीकडे दुसऱ्याला लावली. मग माझ्याकडे बघून मानेने खूण केली, आणि मी पडदा सरकवला. दोघं आपापल्या कॉटवर, पोटं उघडी, दोन्ही पोटांवर निळ्या अक्षरात इंदिरा. मला वाटलं, आता गळ्यात पडणार.

थोरल्याने धाकट्याच्या पोटाकडे बघितलं. मग स्वतःच्या. मग परत धाकट्याच्या.

"बघा डॉक्टर," तो म्हणाला, "इथेसुद्धा त्याच्यावर मोठ्या अक्षरात!"

"पोट मोठं आहे माझं!" धाकटा म्हणाला. सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य!

दोघं एकाच रिक्षाने गेले. भांडत.

*

त्या शनिवारी मी घरी गेले ती पक्कं ठरवून. आईला परत विचारायचं. पण आई त्या दिवशी मला "तू नवीन आलीस का गं?" म्हणाली, आणि माझा धीर सुटला. सगळं सुटत चाललेलं तिच्या हातून. एकच वस्तू ती विसरत नव्हती. तिची जुनी चांदीची कुंकवाची डबी. रुमालात गुंडाळून कमरेला खोचायची. आंघोळीला जाताना हातात धरायची. मी घ्यायला गेले की म्हणायची, "हात लावू नकोस, सांडेल." मी म्हटलं, असू दे. एवढं एक तरी राहू दे तिचं.

मग तिचं जेवण कमी झालं, पोट फुगायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळं तपासून काळजीचं काही नाही म्हटल्यावर मॅडम म्हणाल्या, "घेऊन ये इकडे." शेजारच्या वहिनींनी गाडी काढली. आईला वाटलं कुणाच्या तरी लग्नाला चाललोय. ठाण्यापर्यंत विचारत होती, "मुलीकडचे की मुलाकडचे?"

क्लिनिकमध्ये मात्र छान वागली. कॉटवर पडली, मॅडमनी पोटावर गरम हात ठेवला तर डोळे मिटून घेतले. मी लेप कालवत होते.

"आजी, आईचं नाव काय?"

"सरस्वती." खाडकन! सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे असं!

मॅडमनी पट्टी कापली, 'सरस्वती' लिहिलं. लावायला वाकल्या, तर आईने ती पट्टी हातातून काढून घेतली. डोळ्यांजवळ नेली. अक्षरांवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ. मग उठून बसली.

"जाड काढा अक्षरं," ती म्हणाली. "पुसट झालं की बाळं बदलतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही.

"हिच्या हातावरची मीच काढली," आई माझ्याकडे बोट दाखवत मॅडमना सांगायला लागली, जशी काही कालचीच गोष्ट. "घरी आणल्यावर. मनगट लाल झालेलं हो, एवढंसं. घट्ट चिकटवलेली मेल्यांनी. कोमट पाण्याने भिजवून भिजवून काढली. टाकली नाही मी. टाकायची नसते."

आणि तिने कमरेचा रुमाल सोडला. डबी उघडली. आत कुंकू नव्हतंच. पिवळा पडलेला कापूस होता. कापसावर मनुक्यासारखं काळं, वाळलेलं काहीतरी. त्याच्या शेजारी चिकटपट्टीची एक गुंडाळी.

"ही नाळ," आई म्हणाली. "नवव्या दिवशी गळली. माझ्या मांडीवर गळली."

आयुष्यभर बेंब्या बघितलेल्या आमच्या मॅडमनी त्या डबीला हात जोडले.

गुंडाळी मी उलगडली. कडा तडकलेल्या, शाई जांभळी पडलेली, पण कुणीतरी जाड अक्षरात लिहिलेलं, त्यामुळे वाचता आलं. 'शालिनीची मुलगी'.

मी ते वाचलं. मग मोठ्याने वाचलं. पंचवीस-सव्वीस वर्षं मी या नावाची वाट बघत होते, दोन वर्षं ते गेलं म्हणून रडत होते, आणि ते रोज माझ्यासमोर आईच्या कमरेला खोचलेलं होतं! मॅडमनी मला धरून दुसऱ्या कॉटवर झोपवलं, कपाटातून माझा जुना केसपेपर काढला, आणि उरलेला लेप माझ्या बेंबीत भरला. पट्टी कापली. निळ्या पेनाने जाड अक्षरात लिहिलं, 'शालिनी'.

आई तिच्या कॉटवरून उतरली. पदर सावरत, भिंतीला धरत माझ्यापाशी आली, वाकून माझ्या पोटाकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"केवढीशी पट्टी कापलीत हो डॉक्टर!" ती म्हणाली. "दोन नावं मावायला नकोत का?"